स्ट्रॉबेरीची गोळी आणि आंब्याचा धूर

शाळा उघडल्या की तो मेसेज येतोच. शाळेबाहेर स्ट्रॉबेरीच्या वासाच्या गोळ्या वाटतायत, त्यात ड्रग्ज आहेत, सर्व पालकांनी सावध राहावे. काल सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली हात जोडलेल्यांची रांग. ही अफवा २००७ साली अमेरिकेत उठली होती. तेव्हापासून फिरतेच आहे.

अफवा पसरली याचा मला तितका राग नाही. तिच्यामुळे आपण जे निर्धास्त होतो, त्याचा आहे. धोका काय, तर गेटबाहेरचा अनोळखी माणूस. ‘कुणी काही दिलं तर खायचं नाही हं’ एवढं बजावलं की आपण सुटलो!

अहो, पहिल्यांदा हातात देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. क्लासमधला मित्र, नाहीतर कॉलेजात गेलेला मावसभाऊ. आणि त्याच्याही आधी इन्स्टाने जमीन नांगरून ठेवलेली असते. धुराची वलयं सोडणारं एक रील शेवटपर्यंत बघितलं की पुढे तसलीच रांगेने येतात. त्यात ‘घे’ असं कुणीच म्हणत नाही. जांभळे दिवे, गाणं, हसणारी देखणी पोरं. सगळेच करतात, एवढं डोक्यात बसलं की पुरे.

माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी मुलाच्या कंपासपेटीतलं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हायलायटर समजून परत नीट ठेवून दिलं होतं. खोलीतला आंब्याचा वास त्यांना रूम फ्रेशनरचा वाटायचा. ई-सिगारेट विकायलाच काय, तिची जाहिरात करायलाही आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या मुलाला होतं.

अमेरिकेच्या डीईएने, म्हणजे तिथल्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, २०२१ मध्ये पालकांसाठी इमोजींचा तक्ता काढला होता. प्लग म्हणजे विकणारा, मेपलचं पान म्हणजे माल. पण तो तक्ता घेऊन पोरांच्या फोनवर धाडी घालू नका. चार्जर विसरला तरी पोरं प्लगच पाठवतात. शिवाय धाड पडली की दुसरं अकाउंट निघतं, आणि ते आपल्याला कधीच दिसत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, प्रचंड साठा सापडला. जूनमध्ये पुण्यातल्या फर्ग्युसन रस्त्यावरच्या बारमधला, पोरं ड्रग्ज घेत असल्याचा व्हिडिओ गाजला. आमच्या ग्रुपवर चर्चा कसली, तर ‘बाहेरून आलेली मुलं’. आपलं पोर कायम आतलंच!

त्यातून घरात काही उघडकीला आलंच, तर आधी भीती पोलिसांची आणि नातेवाइकांची. पण एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात ६४-अ कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, पूर्ण केले, तर खटल्यातून सूट मिळते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून व्यसनमुक्तीचंच काम करतंय. मुलाला गुपचूप गावी आजीकडे पाठवणं हा काही उपचार नव्हे. रेंज तिथेही येते.