बियाणे मिळेल, मानशीची फळी कोण बदलणार?

गोव्यात खाजन शेतीचा, म्हणजे नदीकाठी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचा, विषय निघाला की तो हमखास कोरगुटवर येऊन थांबतो. खारे पाणी सोसणारे आपले जुने भात, ते वाचवा. वाचवायला हवेच, पण त्यातला सोपा भाग झालेला आहे: जुन्या गोव्यातल्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) केंद्राने कोरगुटातूनच निवडून 'गोवा धान-१' आणि 'गोवा धान-२' हे वाण दिले आहेत. जिथली बरीच जमीन समुद्रसपाटीखाली आहे त्या नेदरलँड्समधून ही चर्चा वाचताना नजर भातावरून मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाते.

मानशीच्या लाकडी झडपा नदीच्या बाजूला उघडतात. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने चौकटीवर घट्ट बसतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. पंप नको, डिझेल नको. उन्हाळ्यात जमीन उकरून ढेकळे करून ठेवायची, जूनच्या पहिल्या पावसांनी मीठ धुऊन मानशीतून बाहेर जाऊ द्यायचे आणि मगच मोड आलेले बी फेकायचे. घाई केली तर मीठ मुळाशीच राहते. मातीची क्षारता मीटरला ३ डेसीसीमेन्सच्या (क्षारता मोजायचे एकक) वर गेली की साध्या भाताचे पीक घटू लागते. कोरगुट पुढेही तग धरते, पण रोजची भरती आत येऊ लागली तर तेही हात टेकते.

ती येते बोटभर फटीतून. पाण्यातले किडे फळी पोखरतात, उंबऱ्यावर शिंपल्या चिकटून झडप नीट बसत नाही, खेकड्याचे बीळ उधाणात भगदाड होते. कधी झडप मुद्दामच उघडी ठेवतात. मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो आणि भरतीबरोबर कोळंबी येते! बांध फुटून शेत पडीक राहिले की तिवरे (खारफुटी) उगवतात आणि ती तोडायला कायदा आडवा येतो.

नेदरलँड्समध्ये बांध आणि पाणी सांभाळणारी २१ जलमंडळे आहेत. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा. शरदात चरांची पाहणी होते, चर तुंबलेला दिसला तर मालकाला जाब द्यावा लागतो. (इथले सगळेच उचलू नये. पाणी उपसून उपसून इथली पीटची (कुजक्या वनस्पतींची) जमीन खचत चालली आहे.) आपल्याकडे हे काम गावकरी, म्हणजे गावची जुनी सामाईक संस्था, करत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांध कुळांच्या संघटनांकडे आले, पण गावकरीचा धाक त्यांच्याबरोबर आला नाही.

म्हणून लिलावाच्या करारातच लिहावे: जून ते ऑक्टोबर भरतीला झडप उघडायची नाही, प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी संघटनेने बांधावरून चालत जाऊन पाहणी करायची. बोली घेणाऱ्याची अनामत पीक कापणीपर्यंत अडकवून ठेवायची. झडप उघडी सापडली तर नवी फळी त्याच पैशांतून.