शंभराची बेरीज आणि दहाचे देणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. बिटकॉइनच्या ब्लॉकमधील (नोंदींच्या गठ्ठ्यातील) व्यवहार वाचणाऱ्या, माझ्या लेखातील पायथन स्क्रिप्टवर (छोट्या संगणक-प्रोग्रामवर) आपले दोन आक्षेप आहेत : ती सगळ्या आउटपुटची (व्यवहारातून बाहेर पडणाऱ्या रकमांची) बेरीज करून तिलाच ‘पाठवलेली रक्कम’ म्हणते, आणि रकमा फ्लोटमध्ये (दशांशाच्या अंदाजी रूपात) मोजते. दोन्ही आक्षेप मान्य आहेत. पहिल्यावर आपण सुचवलेला उपाय मात्र मला पटलेला नाही.

आक्षेप पडताळण्यासाठी मी लेखातल्या तक्त्यातलाच १७० क्रमांकाचा ब्लॉक घेतला. १२ जानेवारी २००९ च्या या ब्लॉकमध्ये बिटकॉइनचे निर्माते सातोशी नाकामोतो यांनी प्रोग्रामर हाल फिनी यांना १० बिटकॉइन पाठवल्याची नोंद आहे. माझ्या स्क्रिप्टने त्यापुढे १०० हा आकडा छापला. त्यातले ५० हे मायनरला (ब्लॉक तयार करणाऱ्याला) मिळालेले नवे बिटकॉइन, म्हणजे कोणी कोणाला दिलेले नव्हेतच. उरलेल्या ५० चा उलगडा असा, की आउटपुट तोडून खर्चता येत नाही, ते अख्खेच द्यावे लागते. त्यामुळे पन्नासाची नोट देऊन दहाची कोथिंबीर घेतल्यावर चाळीस परत यावेत, तसे ४० बिटकॉइन सातोशींच्या त्याच सार्वजनिक किल्लीवर (खातेक्रमांकासारख्या ओळखीवर) परत आले. हे मी लेख लिहिण्याआधीच पाहायला हवे होते.

दोन आउटपुटपैकी मोठे ते सुट्टे समजून वगळावे, असे आपण सुचवता. १७० क्रमांकाच्या ब्लॉकला हा नियम चपखल बसतो, पण एखाद्याने १ बिटकॉइनमधून ०.९ दिले, तर तोच नियम दिलेली रक्कम वगळून परत आलेले ०.१ मोजेल. इनपुटच्याच (खर्चासाठी आत घातलेल्या रकमेच्याच) पत्त्यावर परत आले ते सुट्टे, हा नियम अधिक भरवशाचा. परंतु आजची बहुतेक वॉलेट (बिटकॉइन सांभाळणारी अ‍ॅप) सुट्ट्यासाठी नवा पत्ता काढतात, तेव्हा तोही लंगडा पडतो. आउटपुट एकच असले तरी प्रश्न सुटत नाही. लाझ्लो हान्येच यांनी बिटकॉइन देऊन पिझ्झा मिळवल्याचा २२ मे २०१० चा प्रसिद्ध व्यवहार उघडला, तर १३१ इनपुट आणि १०,००० बिटकॉइनचे एकच आउटपुट दिसते, आणि तेवढ्यावरून कोणी आपलेच विखुरलेले पैसे एका ठिकाणी गोळा केले असेही म्हणता येईल. पिझ्झा त्या नोंदीत कुठेच नाही. हान्येच यांनी स्वतः सांगितले म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. म्हणून अंदाजाचा कोणताही नियम न घालता मी रकान्याचे नाव ‘आउटपुटची बेरीज’ असे बदलले आहे आणि मायनरचा व्यवहार वेगळा काढला आहे.

फ्लोटबद्दल वादच नाही. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात, पण ०.२९ ला दहा कोटींनी गुणून पूर्णांक घेतला, की पायथन २,९०,००,००० ऐवजी २,८९,९९,९९९ सातोशी दाखवतो. एक सातोशी गायब. मायनरला मिळणाऱ्या फीच्या रकान्यात ही चूक जास्त बोचते, कारण फी साखळीवर (ब्लॉकचेनवर) स्वतंत्र नोंदलेली नसते, इनपुटच्या बेरजेतून आउटपुटची बेरीज वजा करूनच ती काढावी लागते. आता जेसन (व्यवहारांची माहिती ज्या मजकूर-रूपात येते ते) वाचतानाच रकमा डेसिमल (अचूक दशांश) प्रकारात घेतो आणि बेरजा सातोशींत करतो. दुरुस्त स्क्रिप्ट लेखात टाकली आहे. जुना तक्ता खोडला नाही, चुकीच्या शंभरासह तो खाली ठेवला आहे.