कपाटातलं झाड आणि तुरीतलं झाड

आमच्या इमारतीत रात्री दहानंतर कपडे धुण्याचं मशीन लावायचं नाही. त्यामुळे डिसेंबरात रोज रात्री छतातून घुंऽऽ असा आवाज यायला लागला, तेव्हा मी चार दिवस कळ काढली आणि पाचव्या दिवशी वर जाऊन बेल वाजवली. वर तिशीतला एक मुलगा एकटाच राहतो. त्याने आधी माफी मागितली, मग सरळ आत नेऊन कपाट उघडून दाखवलं.

आत कोट नव्हते. दोन फूट बाय दोन फुटांचा, आतून चंदेरी अस्तर असलेला तंबू, वर एलईडीचं पॅनेल, कोपऱ्यात पंखा आणि कुंड्यांत गांजाची तीन झाडं, गुडघ्याएवढी. पंखा कपाटाच्या फळीला टेकला होता म्हणून घुमत होता. त्याने मध्ये रबराचा तुकडा सरकवला, आवाज थांबला. त्याच्या दृष्टीने विषय संपला. मी मात्र खाली आले आणि दाराला कडी लावून बसले, जणू झाडं माझीच होती.

इथे जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरात एका वेळी तीन झाडं लावता येतात, पण फक्त स्वतःपुरती. घरात ५० ग्रॅमपर्यंत वाळवलेला माल ठेवता येतो, बाहेर पडताना २५ ग्रॅम. देशात राहून किमान सहा महिने झालेले हवेत. आणि ते झाड मुलांच्या किंवा तिऱ्हाइताच्या हाती लागणार नाही अशा बेताने ठेवायचं, शेजाऱ्यांना असह्य त्रास होऊ द्यायचा नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. कपाटाला कुलूप होतं ते त्यासाठी.

त्याच आठवड्यात दादाने घरच्या ग्रुपवर बातमी टाकली होती: तुरीच्या शेतात गांजाची झाडं सापडली, शेतकऱ्याला अटक. अशी बातमी आपल्याकडे दर हंगामात येते. कधी तूर असते, कधी ऊस. तुळशीत भांग ही म्हण आपली, तुरीत गांजा हा तिचा शेतकी अवतार. खाली नेहमीची जुंपली. एका मामेभावाचं म्हणणं, ही शंकराची वनस्पती, इंग्रजांनी बंद केली. दादाचं म्हणणं, पिढी बरबाद होतेय, आणि "तुमच्याकडे काय, सगळं चालतं."

मामेभावाचा इतिहास चुकीचा आहे. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये याच विषयावर आयोग नेमला होता आणि त्या आयोगाने सरसकट बंदी नको असंच सांगितलं. त्यांना महसूल हवा होता, बंदी कशाला घालतील? देशभर बंदी आली ती १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे आपल्याच संसदेने. त्या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून भांग त्यातून सुटली. पण झाड लावायला मनाई आहेच. पान चालतं, झाड चालत नाही.

त्याहून मोठी गंमत शिक्षेत आहे, आणि ती ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हती. एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर ती 'अल्प मात्रा', शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. पण लागवडीच्या कलमात अल्प, मध्यम असं काही नाही. बाल्कनीतली एक कुंडीसुद्धा लागवडच, आणि त्या कलमाची कमाल शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे नाक्यावरच्या माणसाकडून पुडी घेणाऱ्यावर कायदा एका वर्षाची टांगती तलवार ठेवतो, आणि त्या माणसाला एक पैसा न देता स्वतःपुरतं रोप लावणाऱ्यावर दहा वर्षांची. गिऱ्हाईक होणंच शहाणपणाचं, असं हे कलम नकळत सांगतं.

याचा अर्थ इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मी म्हणत नाही. वर सहा-सात वेळा जाऊन आल्यावर मला त्या कपाटाचे व्यापही कळले. झाडं जेवढं पाणी पितात, त्यातलं बहुतेक हवेत सोडतात. हिवाळ्यात बंद खिडक्यांमागे ती वाफ भिंतीला बसते आणि बुरशी धरते. जर्मन घरमालकाला गांजापेक्षा बुरशीची धास्ती जास्त! फुलोऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत वास असा सुटतो की पंख्याला कोळशाची गाळणी लावल्याशिवाय जिन्यातून चालवत नाही. वास, ओल, घरघर: छोट्या जागेत प्रत्येक गोष्ट थेट शेजाऱ्याच्या घरात जाते. आपल्याकडच्या सोसायटीत, जिथे चार संडासांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, तिथे या वासाने पहिला कोण गांजेल ते सांगायला नको. शिवाय ज्या घरात एकच कपाट चौघांचं आणि किल्ली आईच्या कमरेला, तिथे 'मुलांच्या हाती लागू नये' हे वाक्य कागदावरच राहील.

तरीही जागेचा तो तोकडेपणाच मला या कायद्याचा खरा आधार वाटतो. चांगल्या उजेडात, ऐसपैस वाढलेलं एकच झाड ५० ग्रॅमच्या वर सहज जातं. मग उरलेलं नष्ट करायचं, कारण कुणाला विकणं तर सोडाच, फुकट देणंही गुन्हा. आपल्याला शेवग्याला शेंगा लागल्या की आधी शेजारी द्यायची सवय. इथे पहिला बहार आला की माणूस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून जास्तीचा कचऱ्यात टाकतो. वरच्या मुलाच्या कपाटात मुळात पीकच बेताचं येतं, म्हणून तो कायद्यात बसतो. मोठी खोली असती तर कदाचित बसला नसता. आणखी एक: बहुतेक जातींना फुलायला रोज सलग बारा तास अंधार लागतो. दार बंद ठेवणं ही कायद्याचीच नव्हे, झाडाचीही अट आहे.

इथेही सगळे खूश नाहीत. २०२५ मध्ये आलेल्या सरकारमधला मोठा पक्ष हा कायदा रद्द करा म्हणतच निवडणूक लढला होता, आणि कायद्याचं मूल्यमापन करायचं हे सरकारातल्या पक्षांच्या युतीच्या करारात आहे. उद्या तीनाची दोन होतील किंवा शून्यही होतील. पण वाद चालतो तो किती झाडं, किती ग्रॅम, शाळेपासून किती मीटर, गाडी चालवताना रक्तात किती, यावर. आपल्याकडे वाद शंकरापासून सुरू होतो आणि टीव्हीवर कुठल्यातरी नटाच्या दारात संपतो. तुरीतल्या झाडाला किती वर्षं, हे कुणी विचारतच नाही.

मी ते एक वर्ष आणि दहा वर्षं ग्रुपवर टाकलं. मामेभावाने अंगठा दिला. दादाने दोन दिवसांनी विचारलं, "म्हणजे विकत घेतलेलं परवडतं?" मी म्हटलं, दादा, हो, तसंच लिहिलंय. त्यावर तो काही बोलला नाही.

आईने मात्र रविवारी फोनवर विचारलं, "आणि वास येतो का गं तुझ्या घरात?" येतो म्हटलं, शेवटचे दोन आठवडे. ती म्हणाली, "मग सांग की त्याला."

सांगितलंय. मंगळवारी गाळणी बदलणार आहे म्हणाला.