भ्रष्टाचारविरोधी संस्थेला कुणाचाच जाब नको?

‘भ्रष्टाचारविरोधी संस्था सरकारच्या पूर्ण बाहेर काढा, वर एक प्रामाणिक माणूस बसवा आणि त्याला कुणीही जाब विचारू नये असं करा,’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यामागची चीड रास्त आहे. उपाय मात्र तिन्ही चुकीचे आहेत.

सरकारच्या बाहेर? सिंगापूरची भ्रष्टाचारविरोधी संस्था सीपीआयबी १९५२पासून काम करते आणि ती पंतप्रधान कार्यालयाखालीच येते. मग पंतप्रधानांनीच एखादी चौकशी अडवली तर? त्याची तरतूद राज्यघटनेत आहे: त्यांनी संमती नाकारली तरी राष्ट्राध्यक्षांच्या सहमतीने संचालकांना चौकशी पुढे नेता येते. संस्था कुणाच्या हाताखाली आहे, यापेक्षा वरून नकार आला तर पुढे वाट आहे का, हे आधी बघा.

प्रामाणिक माणूस हवाच, पण त्याला नेमणार कोण? भारताचा लोकपाल कायदा जानेवारी २०१४मध्ये लागू झाला आणि पहिले लोकपाल मार्च २०१९मध्ये आले. निवड समितीत विरोधी पक्षनेत्याला जागा होती, पण २०१४ला निवडून आलेल्या लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता. हे निमित्त पाच वर्षं पुरलं! शिवाय प्रमुखाला हात न लावताही संस्था पोखरता येते. इंडोनेशियाच्या केपीके या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे कर्मचारी २०१९च्या दुरुस्तीने सरकारी नोकर झाले आणि २०२१मध्ये एका चाचणीचा निकाल दाखवून पन्नासहून अधिक जणांना घरी पाठवलं गेलं. त्यांत अनुभवी तपास अधिकारीही होते.

तिसरी मागणी मला सर्वांत घातक वाटते. तपास दाबला जातो तेव्हा गाजावाजा होत नाही, फाइल गुपचूप बंद होते. हाँगकाँगमध्ये १९७४साली आयसीएसी ही भ्रष्टाचारविरोधी संस्था उभी राहिली. तिथे बहुसंख्य बिगरसरकारी सदस्य असलेल्या आढावा समितीच्या संमतीशिवाय कुठलाही तपास बंद करता येत नाही. खटला भरायचा की नाही, हेही संस्था स्वतः ठरवत नाही, तो निर्णय न्याय विभागाचा. जाब विचारणारे असल्यामुळेच तिथल्या अधिकाऱ्याला ‘वरून फोन आला’ म्हणून प्रकरण मिटवता येत नाही.

अर्थात देखरेखीच्या नावाखाली लगामही घातला जातो. केपीकेवर त्याच २०१९च्या दुरुस्तीने देखरेख मंडळ आलं आणि फोन टॅप करण्याआधी त्याची लेखी परवानगी घेणं सक्तीचं झालं. म्हणजे तपास सुरू होण्याआधीच बाहेर कळण्याची भीती. तिथल्या घटना न्यायालयाने २०२१मध्ये ती अट काढली आणि मंडळाला नुसतं कळवणं पुरेसं ठरवलं.