"बीपीच्या पेशंटला असलं इंजेक्शन दिलंच कसं?" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की दाढ काढताना सुई दिल्याबरोबर आईंची छाती धडधडली, हात थरथरले, आणि संध्याकाळी चहा पिताना सुन्न ओठ भाजला. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. त्यांचा केसपेपर इथे उघडणं बरोबर नाही.

धडधड खरीच. औषधातल्या ॲड्रेनलिनने तसं होतं, आणि बहुधा काही मिनिटांत ओसरतं. हे आधी सांगायला हवं होतं. उलट आमच्या माणसाने "घाबरू नका, आजी" म्हणून विषय संपवला. ओठ तीन-चार तास बधीर राहील, तोवर गरम काही नको, हेही नीट सांगितलं नाही. दोन्ही चुका आमच्या.

पण ॲड्रेनलिन घातलं हा मात्र निष्काळजीपणा नव्हता. नुसतं लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, रक्तवाहिन्या रुंद करतं आणि लगेच वाहून जातं; दाताची नस पाच-दहा मिनिटंच बधीर राहते. ॲड्रेनलिनने वाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं, रक्तही कमी जातं. अर्धी दाढ हललेली असताना भूल उतरली, तर त्या कळेने शरीर स्वतःच जे ॲड्रेनलिन सोडतं ते बीपीला जास्त जड जातं.

प्रश्न मात्रेचा असतो. ॲड्रेनलिनचं प्रमाण १:८०,००० म्हणजे एका मिलीत १२.५ मायक्रोग्रॅम. हृदयाचा त्रास असेल तर एका वेळी ४० मायक्रोग्रॅमच्या वर जायचं नाही असं आम्हाला शिकवतात, म्हणजे जेमतेम तीन मिली. आधी बीपी मोजतो. १८०/११० च्या वर असेल तर दाढ त्या दिवशी राहते. सुई आत गेल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येतं का पाहतो, मग मिलीला मिनिटभर घेत हळूहळू सोडतो.

गोळ्यांचं विचारलं की बहुतेक जण "ती पांढरी, बारीक" एवढंच सांगतात. त्यात प्रोप्रानोलॉल हे बीपीचं औषध असेल तर ॲड्रेनलिनने बीपी एकदम चढू शकतं. म्हणून आता फोनवर वेळ देतानाच गोळ्यांची पाकिटं सोबत आणायला सांगतो. धडधडीचं आणि ओठाचं सुई उचलण्याआधी मी स्वतः सांगतो.

ओठ अजून दुखत असेल तर आईंना घेऊन या. तपासायचे पैसे घेणार नाही.