रिंगणीचा धूर आणि माझी दाढ

आमच्याकडे वावरात काही पिको न पिको, धुऱ्यावर रिंगणी पिकतेच. खत नाही, फवारा नाही, पऱ्हाटी उपटून झाली, उन्हानं जमीन भेगाळली तरी ही बया जमिनीला चिकटून हिरवीगार. पानाला वरून काटे, खालून काटे, देठाला काटे, फुलामागच्या हिरव्या वाटीलापण काटे. धरायचं कुठून? आणि म्हणे वांग्याच्या खानदानातली! जांभळं फूल बघितलं तर पटतं पण, आमची शेळी मात्र तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

तर दाढ ठणकली, आणि तीपण आयतवारी, तालुक्याचा दवाखाना बंद. शेजारच्या काकू म्हणे, "गोया काहून खातं बापू, रिंगणीचा धूर घे, किडे पटापट पडतेत." मग पिकून पिवळी झालेली फळं आणायला मीच, कारण दुखणं माझं. एक हात गालाला, दुसऱ्यात विळा, चार फळांसाठी बोटांत इतके काटे गेले की घटकाभर दाढ दुखायचीच विसरली.

काकूनं बिया तेलात माखून इंगोयावर टाकल्या, वर फुटकं गाडगं उपडं घातलं, त्याच्या भोकातली नळी माझ्या तोंडात अन् हनुवटीखाली पाण्याची परात. धूर तोंडात कमी, नाकाडोळ्यांत जास्त, लाळ गळतेय, खोकला थांबत नाही आणि अर्धी गल्ली ओट्यावर बसून बघतेय. थोड्या वेळानं परातीत पांढरे बारीक आकडे तरंगले. "पाय, निंघाले!" आमचा पुतण्या कृषीला शिकतो, त्यानं उरलेल्या बिया इंगोयावर टाकल्या, नळी सरळ परातीवर धरली, कोणाचंच तोंड मधात नाही. तरी किडे हजर! तो म्हणे बी तापून फुटते, हे तिच्यातले कोंब. काकू ढिम्म. "मंग त्या गाडग्याची दाढ किडली असन."

सोमवारी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं अर्धा तास लेक्चर दिलं, की दातात किडाबिडा नसतो, डोळ्याला न दिसणारे जंतू असतात, आपण गोड खातो, ते त्याचं आम्ल करतात आन् दात पोखरला जातो, तुम्ही शिकलेले लोक धुरीच्या नादी लागता कसे वगैरे. तोंडात कापूस, मी काय बोलणार! मग रूट कॅनल, मग बिल, बिल बघून दाढ परत ठणकल्यासारखी वाटली.

निघताना त्यानं हळूच विचारलं, "तुमच्या वावरात रिंगणी आहे का हो? आईला खोकला आहे, वैद्यांनी काढा सांगितला, दशमुळातलीच आहे ना ती, मुळासकट पाहिजे."

म्हटलं, आहे ना साहेब, लागल तेवढी. फक्त उपटायला तुम्ही स्वतः या.