अख्ख्या देशात 55 डिग्री? आणि माठाचं पाणी पिऊन नस फुटते?

अकोल्याच्या आत्याने परवा माठ रिकामा करून मोरीत पालथा घातला. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: 29 एप्रिल ते 12 मे संपूर्ण देशात 45 ते 55 डिग्री तापमान, थंड पाणी पिऊ नका बारीक रक्तवाहिन्या फुटतात, बाहेरून आल्यावर पाय धुवू नका, गाडीची टाकी फुल करू नका, जनहितार्थ. फोन केला तर म्हणे, "तुले काय समजते, सरकारी मेसेज हाय तो." सत्तरीची बाई, बाहेर 43, आणि ही पातेल्यातलं कोमट पाणी दोन घोट पिऊन ठेवून देतेय कारण ते गिळवत नाही.

म्हणून पाण्याचं आधी. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, फुटत नाहीत. माठातलं पाणी तर फ्रीजइतकंही गार नसतं, बाहेर पाझरलेलं पाणी उडून जातं तेवढाच गारवा. मेसेजमध्ये कुणाच्या तरी मित्राची गोष्ट आहे, उन्हातून आला, गार पाण्याने पाय धुतले आणि कोसळला. अहो तो उन्हाने कोसळला असेल! उष्माघात झालेल्या माणसाला दवाखान्यात काय करतात, तर गार पाण्याने, बर्फाने अंग थंड करतात, तेही जितक्या लवकर होईल तितकं. म्हणजे जीव वाचवायचा जो उपाय तोच हा मेसेज बंद करायला सांगतोय. बर्फाचं पाणी घटाघट प्यायलं की कपाळात कळ जाते, एवढं खरं. हवामान खातं काय सांगतं? तहान नसली तरी पाणी प्या, ताक, लस्सी, लिंबूपाणी, ओआरएस घ्या.

आता "संपूर्ण देशात". 28 मे 2024 आठवा. त्या दिवशी राजस्थानात चुरूला 50.5 होतं, आणि त्याच दिवशी मिझोराममध्ये ऐझॉलजवळ पावसाने दगडखाण कोसळून माणसं गेली, कारण रेमल चक्रीवादळ 26 तारखेच्या रात्री बंगाल-बांगलादेशच्या किनाऱ्याला धडकून ईशान्येकडे सरकलं होतं. एकीकडे पश्चिमेची कोरडी लू, दुसरीकडे उपसागराची वाफ. एकच देश, एकच तारीख. म्हणून तर हवामान खातं देशाचे 36 उपविभाग करून अंदाज देतं, आपल्याकडेच कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार. उष्णतेची लाट कशाला म्हणायचं तेही सगळीकडे सारखं नाही, मैदानात किमान 40, किनाऱ्याला 37, डोंगरात 30, आणि शिवाय तिथल्या सरासरीपेक्षा 4.5 तरी जास्त. मुंबईला 38 झालं की बोंबाबोंब होते आणि अकोल्यात मे महिन्यात 42 म्हणजे रोजचंच.

55 चं म्हणाल तर देशाचा रेकॉर्डच 51 आहे, राजस्थानातलं फलोदी, 19 मे 2016. यावर ग्रुपवरचे काका लगेच म्हणाले "नागपूरला 56 झालं होतं, बातमी होती". होती बुवा, मान्य, मे 2024 मध्येच. पण तो स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता, खात्यानेच सांगितलं. दिल्लीच्या मुंगेशपूरचं 52.9 पण तसंच, तिथला सेन्सर 3 डिग्री जास्त दाखवत होता. बातमी सगळ्यांनी वाचली, खुलासा कुणी नाही.

दुपारी उन्हात बाहेर पडू नका हा एक मुद्दा बरोबर आहे, पण तो सांगायला मेसेज कशाला लागतो.

राहता राहिली टाकी. इंडियन ऑइलने मागेच सांगितलंय, गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत बिनधास्त भरा, उन्हाळा असो की हिवाळा. आत्याकडे गाडीच नाही, सायकलसुद्धा नाही, तरी तिने खालच्या मजल्यावरच्यांना जाऊन सांगितलं आणि ते बिचारे आता रोज शंभराचं पेट्रोल भरायला भर उन्हात रांगेत उभे राहतात.